राखाडी रंगाचा दिवस

चौलच्या रस्त्याला जिथे एसटी वळताना हमखास हॉर्न देते, तिथे आमचं मॅचिंग सेंटर आहे. एकच गाळा. तिन्ही भिंतींना छतापर्यंत ब्लाऊजच्या कापडाचे तागे, काउंटरच्या काचेखाली लेस, लटकनं आणि हुकांच्या पट्ट्या, दारात वाऱ्यावर हलणारे परकर. बाई पिशवीतून साडी काढते, काउंटरवर ठेवते आणि म्हणते, "ह्याच्यावर मॅचिंग दाखवा." या एका वाक्यावर आमचं घर चालतं.

इथे बसून बसून मला गाव कपड्यांवरून वाचायची सवय लागली आहे. कुठली मालिका जोरात चालू आहे हे मला टीव्ही न लावता कळतं. नायिकेच्या पाठीवर दोरीची गाठ आली की आठवड्याभरात माझ्याकडची लटकनं संपतात. तिचं लग्न लागलं की काठपदर सुरू. नवऱ्याने तिला घराबाहेर काढलं की साधं कॉटन, पण बाही मात्र कोपरापर्यंत आणि तीही फुग्याची, कारण दुःखातसुद्धा ती तशीच शिवते. थंडीत मुंबईची जोडपी लग्नाआधीचे फोटो काढायला नागावच्या समुद्रावर येतात आणि पांढरंशुभ्र घालून वाळूतून पळतात. दोन हंगाम तो प्रकार पाहिल्यावर तिथल्या होमस्टेवाल्यांच्या मुली माझ्याकडे पांढरं जॉर्जेट मागायला लागल्या. त्यांच्या आया मागे उभ्या राहून मला खुणा करायच्या, संपलंय म्हणून सांग.

रंगांची नावं तर दर वर्षी नवी. एकदा कॉलेजातली एक मुलगी आली आणि म्हणाली, "काकू, न्यूडमध्ये काही दाखवा ना."

आत पंख्याखाली माझ्या सासूबाई साडीला फॉल लावत बसल्या होत्या. त्यांची सुई थांबली. "काय मागते गो ही?"

"आई, रंग आहे तो," मी म्हटलं आणि घाईघाईने तागा काढून दाखवला.

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "हा व्हय! चहात दूध जास्त पडलं की होतो तो. मग तसं सांग की बाय."

तेव्हापासून आमच्या दुकानात त्या रंगाचं नाव 'दूध जास्त' आहे.

सासूबाईंबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट त्यांची आहे. माझे सासरे मी या घरात येण्याच्या बऱ्याच आधी गेले, माझा नवरा तेव्हा शाळेत होता. तेव्हापासून सासूबाई राखाडी नेसतात. क्वचित बिस्किटी. दिवसभर त्यांच्या हाताखालून डाळिंबी, चिंतामणी, पोपटी, अबोली साड्या जातात, कारण आसपासच्या वाड्यांमधले सगळे फॉल त्याच लावतात, आणि अंगावर मात्र राख. एकदा मी विचारलं होतं, "आई, तुम्हाला कुणी सांगितलं होतं का असंच नेसायचं म्हणून?"

"सांगायला कशाला लागतं गो?" त्या म्हणाल्या. "त्या वर्षी माहेरनं आलं ते राखाडी आलं. मग म्होरचं मीच राखाडी घेतलं."

एवढंच. यावर त्यांनी सुस्कारा वगैरे टाकला नाही. सासूबाई दुःखी बाई मुळीच नाहीत. मालिकेतल्या खलनायिकेला त्या टीव्हीसमोर बसून नीट सल्ले देतात, कोळंबीचं कालवण असं करतात की मी पुन्हा पुन्हा भात वाढून घेते, आणि दुकानात आलेल्या बाईच्या चेहऱ्यावरून ती खरेदी करणार की नुसतीच पंख्याखाली बसायला आली आहे हे ओळखतात. फक्त हळदीकुंकवाच्या दिवशी त्यांना दुकानात हमखास काहीतरी तातडीचं काम निघायचं. तेही इतक्या वर्षांत कुणाला वावगं वाटेनासं झालं होतं. मध्यंतरी ग्रामसभेत विधवांना मानाने वागवण्याचा ठराव वाचून दाखवला होता. सगळ्यांनी हात वर केले. सासूबाईंनीही केला. मग घरी येऊन त्यांनी तांदूळ धुतले आणि दुसऱ्या दिवशी राखाडी नेसल्या.

आता नऊ रंगांबद्दल. नवरात्रात रोज एक ठरलेला रंग घालायचा, ही टूम आमच्याकडे मुंबईहून आली. आधी अलिबागच्या कचेऱ्यांमध्ये, मग बँकेत, मग शाळेत, आणि मोबाईल आल्यावर घराघरात. रंग कोण ठरवतं हे आजतागायत मला कळलेलं नाही. पुराणात लिहिलंय असं ठामपणे सांगणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पुराणात 'रॉयल ब्लू' कुठून आला, असं त्यांना विचारायची माझी हिंमत झाली नाही, शिवाय माझा धंदा त्यावर चालतो. रेवदंड्याहून पाटी घेऊन येणारी मासेवालीसुद्धा रंग पाळते. मी एकदा तिला म्हटलं, "अगं, नवरात्रात मासे घेतं कोण? कुणासाठी एवढी नटतेस?" ती म्हणाली, "म्हावरं न्हाय बघत तं साडी तरी बघतील."

आमच्या वाडीच्या महिला मंडळाने याला शिस्त लावली. मंडळाच्या अध्यक्षबाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांनी बोलावलं की माणूस बाही वर करूनच जातं, इंजेक्शन असेल म्हणून. त्यांनी फर्मान काढलं की रोज संध्याकाळी देवळाच्या पायऱ्यांवर सगळ्यांनी त्या दिवसाच्या रंगात जमायचं आणि फोटो काढायचा. फोटो मोबाईलवरच्या मंडळाच्या गटात जायचा, तिथून प्रत्येकीच्या स्टेटसला, तिथून माहेरी. चुकीच्या रंगात आलेलीला मागच्या पायरीवर उभं करायच्या.

ज्या वर्षीची ही गोष्ट आहे, त्या वर्षी पहिला रंग पांढरा होता. पांढऱ्याची गंमत अशी की एकही बाई पांढऱ्यात येत नाही. लाल काठाचा पांढरा, हिरव्या बुट्ट्यांचा पांढरा, जरीने भरलेला पांढरा. नुसता पांढरा नेसलं तर काय दिसेल हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. माझ्या लाल लेसचा अख्खा गठ्ठा त्या एका दिवसात गेला. पुढचे रंग नीट पार पडले आणि आला हिरवा. हिरव्याला कुणाला दुकानात यावं लागत नाही, लग्नाची तरी असतेच. म्हणून त्या दुपारी मी जरा निवांत होते.

जेवणं आटोपली असतील नसतील, तर हिरव्या साडीतली एक आली. "वहिनी, राखाडी आहे का काही? उद्या राखाडी आहे." मागोमाग दुसरी. मग तिसरी. मग अध्यक्षबाई स्वतः, हिरव्या इरकलीत.

राखाडी माझ्याकडे नव्हता. ओढण्या होत्या त्या, माझ्यासाठी ठेवलेली एक सोडून, शाळेतल्या बाईंनी सकाळीच नेल्या होत्या, आणि साड्या मी ठेवते त्या चारदोन, त्यांत राखाडी कधीच नसते. घेतं कोण? मी तसं सांगितलं.

"घरात एखादी तरी असेल ना तुमच्या?" अध्यक्षबाईंनी त्या बायकांना विचारलं.

सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. आपापली कपाटं त्यांनी मनातल्या मनात उघडून बंद केली. कुणाकडेच नव्हती. कुणाला ती कधी ओटीत मिळाली नव्हती, दिवाळीला आली नव्हती, कुणी नवऱ्याकडे मागितली नव्हती.

आतून सासूबाई म्हणाल्या, "माझ्याकडं हायेत की."

मान वर न करता, टाका घालता घालता म्हणाल्या. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. एकीने परकराच्या नाडीचा दर विचारला, जो तिला नक्कीच माहीत होता. सासूबाईंनी बहुधा सहज म्हटलं होतं, आणि आता त्या सहजपणाचं काय करायचं हे त्यांनाही कळत नसावं. त्यांची सुई एकाच जागी आतबाहेर करत होती.

तेवढ्यात आमची शेजारीण आत आली. आमच्या गाळ्याला लागून तिचं शिवणकाम आहे. माझं कापड आणि तिचं मशीन, असं आमचं अर्ध्या गावाचं काम एकत्र चालतं. तिचा नवरा मस्कतला नोकरीला, ती इथे सासू आणि मुलींना घेऊन राहते. दारातूनच तिने सगळं ऐकलं होतं.

"काकी, एक मला द्या," ती म्हणाली. "उद्या अलिबागला शिवणाच्या क्लासला शिकवायला जायचंय. तिथं सगळ्या रंग घालून येतात, मीच एक वेगळी दिसते. माझ्याकडे काळे बुरखे आहेत ढीगभर, राखाडी काहीच नाही."

सासूबाई हसल्या. "तू साडी नेसशील?"

"का नाही? वरून बुरखा घालीन, तिथं गेल्यावर काढीन. बायकांचाच क्लास आहे. कोणती देताय बोला."

तिला त्या गोष्टीचा अर्थ माहीत नव्हता असं नाही. चौलातच जन्मलेली ती, माहीत नसायला काय झालं? पण तिच्या घरात राखाडी हा फक्त एक रंग होता, आणि तिने तो तसाच मागितला. सासूबाईंनी सुई कापडात खोचून ठेवली आणि उठल्या.

दुकानाच्या मागेच आमचं घर. सगळी वरात माझ्या पाठोपाठ आत आली. सासूबाईंनी कपाटातला आपला कप्पा उघडला आणि पलंगावर साड्यांची थप्पी मांडली. खरं सांगते, मीसुद्धा त्या सगळ्या अशा एकत्र कधी पाहिल्या नव्हत्या. ही पारव्याच्या मानेसारखी, ही शिसपेन्सिलीची, ही पावसाळ्यातल्या समुद्राची, ही नुसती राख पण पदराला बारीक चंदेरी रेघ. इतकी वर्षं कापड हाताळलेल्या त्या, त्यामुळे राखाडी का असेना, पण पोत एकेक असा निवडलेला की हात लावला तर सोडवेना.

"अगंबाई, ही तर रेशमी आहे," एक जण म्हणाली आणि तिने ती छातीशी धरली. त्यानंतर मात्र बांध फुटला. दुकानात सेल लागल्यावर होते तशी ओढाताण सुरू झाली. अध्यक्षबाईंनी पारव्याच्या रंगाची आधीच काखेत मारली होती. सासूबाई पलंगाच्या कडेला बसून कुणाला कोणती शोभेल ते सांगत होत्या. "तुला ती नको, तू काळी दिसशील. ही घे." आणि ती बाई मुकाट ती घेत होती.

एवढ्यात माझ्या मोठ्या चुलत सासूबाई आल्या. म्हणजे सासूबाईंच्या मोठ्या जाऊ, आमच्या मोठ्या काकी. घर पलीकडेच आहे आणि त्यांच्या कानांना कुंपण अडवत नाही. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात कोपरापर्यंत चुडा. दारात उभ्या राहून त्यांनी एकवार सगळीकडे पाहिलं.

"हे काय चाललंय? सवाष्णी हिची लुगडी नेसनार? देवीच्या दिवसांत?"

जिने रेशमी साडी छातीशी धरली होती तिने ती हळूच पलंगावर ठेवली. सासूबाई थप्पीची टोकं नीट करायला लागल्या.

"काकू, उद्या राखाडी सांगितलाय," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"कोनी सांगितलाय?"

"मोबाईलवर आलंय."

"सगळीकडं?"

"सगळीकडे. मुंबईलाही राखाडीच आहे. टीव्हीवरच्या बातम्या सांगणाऱ्या बायकाही उद्या राखाडीच घालणार."

मोठ्या काकींनी विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर देवी, रीत आणि टीव्ही अशी तिघांची ओढाताण स्पष्ट दिसत होती. मग त्यांनी वेगळाच मुद्दा काढला. "पांढऱ्याच्या दिवशी माझी साडी पिवळट होती म्हनून तुमी मला मागच्या पायरीवर उभी केलीत. लेकीनं फोन करून इचारलं, आई तू दिसत का न्हायस?"

"उद्या राखाडी नसली तर उद्याही मागेच," अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या.

काकी आत आल्या. पलंगापाशी उभ्या राहून त्यांनी जावेकडे न पाहता म्हटलं, "ती चंदेरी रेघेची कोनी घेतली न्हाय ना?"

सासूबाईंनी ती काढून दिली. "मी मोठा गजरा घालीन वर, आनि चुडा हाय तसाच," काकी बजावून म्हणाल्या. जणू कुणी चुडा काढा म्हटलं होतं. रेशमी साडी पुन्हा छातीशी गेली. उशिरा आलेल्यांनी बिस्किटी होत्या त्याही नेल्या, फोटोत राखाडीच दिसतील म्हणून. बायका गेल्या तेव्हा कप्प्यात खाली घातलेला वर्तमानपत्राचा कागद तेवढा उरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होते तेव्हा सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. आदल्या दिवशीची अंगावरची साडी त्यांनी धुतली होती आणि ती दमट हवेत वाळलीच नव्हती.

"तुझी एखादी दे गो," त्या म्हणाल्या. "मी माझ्यासाठी ठेवायलाच इसरले."

मला आधी हसू आलं, मग त्या काय मागताहेत ते लक्षात आलं. माझं कपाट उघडून मी त्यातल्या त्यात सौम्य अशी श्रीखंडी रंगाची साडी पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली. बाकीच्या थप्पीवरून त्यांचा हात वरून खाली गेला, वरच्या घडीवरून नव्हे, खालच्या कडेवरून, जिथे फॉल असतो. मग एका ठिकाणी थांबला. त्यांनी मोरपंखी ओढून काढली.

"हिचा फॉल मी लावलेला."

"आई, सगळ्यांचे तुम्हीच लावलेत."

"व्हय. पन हिला मी दोन दिवस जास्त घेतलेले. तुला वाटलं, डोळे दुखतात माझे."

मी बाकीची थप्पी उचलून कपाटात ठेवली.

ब्लाऊजची अडचण झाली. माझा त्यांना होईना, आणि मोरपंखी साडीवर त्या आपला पांढरा घालायला निघाल्या. शेजारीण अलिबागला निघता निघता साडी दाखवायला आली होती, शिसपेन्सिलीच्या रंगात ती मालिकेतल्या वकिलीणबाईंसारखी दिसत होती. तिने पांढरा ब्लाऊज पाहिला आणि कपाळाला हात लावला. "या अल्ला, काकी! एवढ्या साडीचा सत्यानाश?" माझा ब्लाऊज तिनेच शिवलेला, आत दोन्ही बाजूंना भरपूर माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडलेलं होतं. तिने उभ्याउभ्या शिलाई उसवली, मशीनवर दोन टिपा मारल्या आणि बस चुकवली. पुढच्या रिक्षाने गेली.

दिवसभर सासूबाई नेहमीच्या खुर्चीत बसून काम करत होत्या. गिऱ्हाइकं आत यायची, माझ्याशी बोलायची, आणि बोलता बोलता थबकायची. एकीने तर मला हळूच विचारलं, "ह्या कोण? पाहुण्या आल्यात का?" सासूबाईंनी आतून सांगितलं, "व्हय, पाहुनीच हाय. चार दिस ऱ्हाईन म्हनते."

संध्याकाळी देवळाच्या पायऱ्यांवर सगळ्या जमल्या. मी माझी राखाडी ओढणी घेऊन गेले. दृश्य विलक्षण होतं. वाडीतल्या झाडून सगळ्या सवाष्णी सासूबाईंच्या साड्यांमध्ये. गजरे, नथी, हिरवे चुडे, आणि खाली राख. कुणीतरी म्हणालं, "आपण शोकसभेला आल्यासारख्या दिसतोय का गं?" आणि हसण्याची लाट उठली. अध्यक्षबाईंनी ओळी लावल्या. मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाल्या, "थांबा. साड्यांची मालकीण कुठाय?"

मी म्हटलं, "दुकानात आहेत. त्या यायच्या नाहीत."

अध्यक्षबाई स्वतः गेल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण बोलायला त्यांना कधीच फार वेळ लागत नाही. थोड्या वेळाने दोघी रस्त्याच्या वळणावर दिसल्या. पुढे पारवा, मागे मोरपंखी.

हसणं थांबलं. सासूबाई पायऱ्यांपाशी येऊन उभ्या राहिल्या. राखाडीच्या त्या ढिगासमोर त्या एकट्याच रंगात होत्या, आणि तो रंग संध्याकाळच्या उन्हात असा काही पेटला होता की बघावं की नाही हेच कुणाला कळेना. मागच्या ओळीतली एक धीर करून म्हणाली, "काकी, मोरपंखी परवा आहे हो."

"परवा माझ्या साड्या परत आलेल्या असतील," सासूबाई म्हणाल्या.

काही जणी हसल्या आणि मध्येच थांबल्या. त्यांना अर्थ उशिरा लागला. सासूबाई कोपऱ्याकडे जायला वळल्या तर वरच्या पायरीवरून मोठ्या काकींचा आवाज आला, "तिकडं कडेला काय करतेस? सगळा फोटो एका बाजूनं कलंल. मधी उभी ऱ्हा." आणि त्यांनी स्वतः सरकून जागा केली. माया म्हणून केली की फोटोची काळजी म्हणून, हे मी विचारलं नाही.

फोटो गेला. नवरा न्हावा शेव्याला बंदरात कामाला आहे, आठवड्याने घरी येतो. त्याचा फोन आला.

"फोटो बघितला तुमचा. सगळ्या आईसारख्याच दिसताय. आई कुठाय त्यात?"

"नीट बघ."

मागे क्रेनचा आवाज येत होता. "ती मधली? निळी?"

"मोरपंखी."

"कुणाची साडी?"

"माझी."

मग म्हणाला, "लोक काय म्हणाले?"

"लोक राखाडी नेसले होते. काही म्हणायची सोय नव्हती."

तो हसला, आणि मग आईला फोन दे म्हणाला. सासूबाईंनी फोन घेतला आणि त्याला जेवलास का विचारलं. तो हो म्हणाला. साडीबद्दल दोघांनी अवाक्षर काढलं नाही, पण नेहमीपेक्षा बराच वेळ बोलत राहिले.

परवा साड्या परत येतील हा सासूबाईंचा अंदाज चुकला. अध्यक्षबाईंनी परस्पर फर्मान काढलं होतं की दसऱ्यापर्यंत कुणीही साडी परत करायची नाही. विचारलं तर सांगायचं, धुवायला टाकली आहे. सासूबाईंनी दारोदार माणसं पाठवली, सगळीकडून तेच उत्तर. "लुटलं गो माला ह्यांनी," त्या म्हणायच्या आणि माझं कपाट उघडायच्या. केशरी रंगाच्या दिवशी त्यांनी केशरी नेसायला साफ नकार दिला आणि श्रीखंडी नेसल्या. मोरपंखीच्या दिवशी पुन्हा तीच. गुलाबीला म्हणाल्या, "येवढं न्हाय जमायचं," आणि अबोली काढली. कुठे थांबायचं ते त्यांनी त्यांचं ठरवलं होतं आणि त्यात कुणाचं काही चालत नव्हतं, अध्यक्षबाईंचंही नाही.

दसऱ्यानंतर साड्या आल्या. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, एकीबरोबर नारळ, एकीबरोबर ब्लाऊजपीस, तोही माझ्याच दुकानातून घेतलेला. मोठ्या काकींची साडी काही आली नाही. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. मग एका लग्नात काकी त्याच चंदेरी रेघेच्या साडीत समोर उभ्या. सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. काकींच्या ते लक्षात आलं.

"अशी काय बघतेस? फॅशन हाय ही," त्या म्हणाल्या. "मुंबईच्या बायका लग्नात राखाडीच नेसतात आता."

सासूबाईंना इतकं हसू आलं की त्यांना खुर्चीवर बसवावं लागलं. शेवटी दोघी जावा शेजारी बसून आइस्क्रीम खात होत्या आणि नवरीच्या मेकअपवर टीका करत होत्या.

गाव बदललं असं मी म्हणणार नाही. पुढच्या हळदीकुंकवाला बोलावणं आलं, सासूबाई गेल्या, वाण म्हणून मिळालेला प्लॅस्टिकचा डबा घेऊन आल्या, कुंकू त्यांनी स्वतःच नको म्हटलं. दोन घरांनी बोलावलं नाही. दुकानात त्या आता कधी राखाडी असतात, कधी नसतात. मी त्यावर काही बोलत नाही. माझा धंदाच मॅचिंगचा, पण घरातल्या माणसाला कशावर काय मॅच होतं हे सांगायला मी जात नाही.

मात्र एक झालं आहे. दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक नसतं तेव्हा, आसपासच्या वाड्यांमधल्या एकेकट्या बायका येऊन सासूबाईंजवळ बसायला लागल्या आहेत. फिकट साड्यांमधल्या. त्या काही मागत नाहीत. सासूबाई बोलता बोलता एखादा तागा उलगडून मांडीवर ठेवतात आणि दुसऱ्याच विषयावर बोलत राहतात. गेल्या आठवड्यात त्यांतल्या एकीने पोपटी कापड बराच वेळ चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "नातीसाठी घेते एक ब्लाऊजपीस."

मी कापून दिला. ती तो घेऊन शेजारी शिवायला गेली. शेजारणीने टेप गळ्यातून काढला आणि विचारलं, "माप आणलंय का नातीचं?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच आपला हात पुढे केला.

शेजारणीने टेप दंडाभोवती गुंडाळला आणि म्हणाली, "बाही कोपरापर्यंत ठेवू का मावशी?"